जाणारं एक धरून

४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी तीन

आजपासून भिंगरीचं गणित माझ्या ताब्यात. असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, बाकीच्यांना हळूहळू कळेल.

ही डायरी चिरंजीवांच्या लिफ्ट कंपनीने गेल्या वर्षी वाटलेली. कपाटात कोरीच पडून होती. छापलेले वार गेल्या वर्षीचे आहेत, ते खोडून मी खरे वार लिहिते. शिक्षण माझं तिसरीपर्यंत. तिसरीच्या परीक्षेच्या आठवड्यातच धाकटा भाऊ जन्मला, मला घरी ठेवून घेतलं, ती मी परत गेलेच नाही. पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे. सूनबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे, तिथे कुणाचंच अक्षर कुणाला लागत नाही म्हणे.

तर मुद्दा. भिंगरी म्हणजे माझी नात. वय नऊ, चौथीत, एका जागी कधी सापडत नाही म्हणून भिंगरी. तिला गणितात वीसपैकी नऊ पडले. तिची काही चूक नाही. शाळेत नवीन मेथड आलीय. पाढे पाठ करायचे नाहीत, चौकटी काढायच्या. सात गुणिले बारा करायचं तर बाराचे दहा आणि दोन असे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका चौकटीत कोंबायचा, आणि खाली एक लांबलचक चौकट, तिच्यात लिहायचं की उत्तर कसं काढलं. अहो, उत्तर आलं ना? मग कसं आलं याची चौकशी कशाला? पाहुण्याला आपण दारात विचारतो का, कोणत्या बसने आलात म्हणून? विचारतो, पण आत घेतल्यावर.

एकोणतीस तारखेला मोठी टेस्ट आहे. वीसपैकी दहाच्या खाली गेलेली मुलं 'पायाभरणी वर्गात' जाणार. रोज शाळा सुटली की साडेचार ते साडेसहा, तिथेच. म्हणजे भिंगरी सातला येणार, जेवणार आणि आडवी होणार. आणि माझे साडेचार ते साडेसहा? ते दोन तास ती फक्त माझी असते. आईबाप दोघंही कामावर.

संकल्प: २९ पर्यंत भिंगरी वर्गात पहिली. पंचवीस दिवस आहेत. भरपूर झाले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला तास झाला. काय गोड बसते ती, मांडीवर वही, तोंडात वेणी.

मी तिला हातावरची मोजणी शिकवली. बटणांच्या कारखान्यात पॅकिंगला मी सव्वीस वर्षं काढली, तिथली ही मोजणी. एका बोटाची पेरं तीन, चार बोटांची बारा, आणि अंगठ्याचं एक. झाला डझन. एका कार्डावर एक डझन बटणं. बारा शिवायची आणि तेरावं कार्डाच्या मागच्या पाकिटात टाकायचं, कारण एखादं पिचकं निघतंच, एखाद्याला भोकच नसतं. फोरमनबाई म्हणायच्या, जाणारं एक आधी धरायचं. सव्वीस वर्षांत माझं एक कार्ड परत आलं नाही. नवीन मेथडवाल्यांनी दाखवावं असं.

दोन हात सव्वीस, तीन हात एकोणचाळीस, चार बावन्न. ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. पोरीला गोडी लागली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

भिंगरी म्हणाली की बाई म्हणतात डझन म्हणजे बारा. मी म्हटलं, बाई तरुण आहेत गं, कारखान्यात गेल्या नसतील कधी. पुस्तकातला डझन बारा, कामाचा डझन तेरा. तिने वहीत तेरा लिहिलं. किती लवकर पटतं तिला. बापावर गेली नाही.

फळवाल्याशी माझं याच्यावरून दर आठवड्याला होतं. बारा मोजतो आणि डझन म्हणतो, लबाड. मी हात त्याच्या नाकापुढे धरते. आजकाल मी दिसले की तोच तेरावं फळ वर ठेवतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. एका माणसाचं गणित तरी मी सुधारलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्गात छोटी टेस्ट. वीसपैकी सात.

नवाचे सात झाले हे मी मान्य करते. पण नवीन गोष्ट अंगात मुरायला वेळ लागतो. पेपरवर पालकांची सही हवी होती. सूनबाई लॅबमधून दमून आली होती, चिरंजीव कुणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टमध्ये. मीच सही केली. आजी म्हणजे पालकच. उलट जुना पालक.

यापुढे नियम: पेपर आधी मला दाखवायचा. मग बघू कुणाला दाखवायचा ते.

११ नोव्हेंबर, सोमवार

एकटीच लढतेय असं वाटत होतं, तर वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर भेटले. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशाला दोन पेनं. ते चौकटींवर इतके चिडलेत की बोलताना चष्मा खाली येतो. त्यांनी 'पाढे परत आणा' म्हणून अर्ज तयार केलाय, बावीस तारखेला शाळेच्या हॉलमध्ये मिटिंग आहे, शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. मला म्हणाले, ताई, तुमच्यासारखी अनुभवी माणसं पाहिजेत. मी म्हटलं, सह्या मी आणते.

अनुभवी म्हणाले. दोनदा म्हणाले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. रात्री

सूनबाई कपड्यांच्या घड्या घालताना सहज बोलली. म्हणाली, आई, भिंगरी त्या वर्गात गेलीच तर संध्याकाळी घरी कुणी थांबायला नको, मग तुम्ही थोरल्या भावजींकडे राहिलात तरी चालेल, जाऊबाईंची पाठ धरलीय, त्यांना मदत होईल. किती विचार करते माझा. एकेका टॉवेलची घडी आणि एकेक वाक्य.

थोरल्याचं घर चौदाव्या मजल्यावर. पोरं मोठी झाली, ती आपापल्या खोलीत. दिवसभर फ्रिज सोडला तर कुणाचा आवाज नाही. मागे तीन आठवडे राहिले होते, तिसऱ्या आठवड्यात फ्रिजला उत्तर द्यायला लागले होते.

आज दूध उतू गेलं. गॅस मोठा राहिला असावा.

अर्थात हे सगळं भिंगरी दहाच्या खाली गेली तर. ती जाणार नाही. मी आहे ना.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सह्या जमवल्या. औषधाच्या दुकानात, सलूनमध्ये, दवाखान्याच्या वॉचमनकडून. सगळ्यात छान जागा म्हणजे दाताच्या डॉक्टरची वेटिंगरूम. तोंडात कापूस असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही.

पोस्टमास्तरांना सांगितलं, पूर्ण चार डझन आणल्या. त्यांनी मोजल्या आणि खुश झाले. म्हणाले, ताई, तुम्ही नम्र आहात, चार डझन आणि वर चार आहेत. चाळीस वर्षं टपाल मोजलेला माणूस, आता वय झालंय.

१८ नोव्हेंबर, सोमवार

छोटी टेस्ट. वीसपैकी पाच.

पेपर मी नीट पाहिला. एक गणित असं: चाळीस मुलं पाच रांगांत उभी केली, तर प्रत्येक रांगेत किती? भिंगरीने लिहिलंय सात. आणि खालच्या लांब चौकटीत, उत्तर कसं काढलं तिथे: 'एक आजारी असणार.' किती व्यवहारी पोर. मी तिला शिकवलंच होतं की गुणाकारात जाणारं एक वाढवून धरायचं, भागाकारात कमी करून धरायचं. रोज शाळेत कुणी ना कुणी गैरहजर नसतं का? बाईंनी त्यावर लाल फुली मारलीय आणि शेजारी प्रश्नचिन्ह. त्यांनाच समजलं नाही, म्हणूनच प्रश्नचिन्ह.

सही केली.

सकाळी भिंगरीचं पोट दुखत होतं. परवाही दुखत होतं. आमच्या घराण्यात सगळ्यांची पोटं नाजूक.

२० नोव्हेंबर, बुधवार

मिटिंगमधल्या भाषणाची तयारी. वॉशिंग मशीनसमोर उभी राहून म्हटलं. मशीन थरथरलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी

मिटिंग झाली. सगळं लिहून ठेवते, कारण असा दिवस आयुष्यात परत येत नसतो.

शाळेच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या खुर्च्या. सगळ्यांचे गुडघे छातीशी. डावीकडे पाढेवाले, उजवीकडे चौकटवाले, मधली वाट मोकळी. समोर शिक्षण खात्याचे साहेब, मुख्याध्यापक आणि भिंगरीच्या बाई. बाई म्हणजे पोरसवदा, खडूने पांढरी झालेली बोटं, त्यांनीच डोळे चोळतात.

आधी पोस्टमास्तर उठले आणि एकोणतीसचा पाढा एका दमात म्हणाले. काय तो आवाज. आमच्या बाजूने टाळ्या, दोन चौकटवाल्यांनीही वाजवल्या. मग बाई म्हणाल्या, पाढे यावेत याला माझा विरोध नाही, पण माझ्या वर्गात पंधराचा पाढा घडाघडा म्हणणारी मुलं आहेत आणि तो कुठे वापरायचा ते विचारलं की गप्प होतात. चुकतात तेव्हा कुठे चुकली ते मला दिसतच नाही, म्हणून मला ती लांब चौकट पाहिजे. मग मागून एक बस ड्रायव्हर उठला, युनिफॉर्मवरच आला होता. तो ना इकडचा ना तिकडचा. म्हणाला, साहेब, चांगली मेथड कुठली ते तुम्ही ठरवा, पण पोरगी वही घेऊन माझ्यापुढे येते आणि मी तिच्याशी एक अक्षर बोलू शकत नाही. माझ्याच घरात मला काही येत नाही असं झालंय. एवढं बोलून तो खाली बसला आणि टोपी मांडीवर फिरवत राहिला. मला त्याची दया आली. बिचाऱ्याला हातावरची मोजणी माहीत नसणार.

म्हणून मी उठले. पोस्टमास्तरांनी माझा नंबर लावला नव्हता, पण अनुभवी माणसाने नंबराची वाट कशाला बघायची. मी म्हटलं, चौकटीही नकोत आणि वहीही नको, मी माझ्या नातीला नुसत्या हातावर शिकवते. साहेब हसले, छान माणूस आहे. म्हणाले, दाखवा ना आजी. मी हात वर केला.

"एका डझनात किती, आजी?"

"तेरा," मी म्हणाले.

सभा गार पडली. इतका परिणाम मलाही अपेक्षित नव्हता. मग उजवीकडून कुणीतरी हसलं, मग डावीकडून, मग सगळीकडून. आनंदाचं हसणं. मी पेरं मोजून अंगठ्यापर्यंत पोचेस्तोवर पोस्टमास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, खाली बसा." मी दमले असेन म्हणून म्हणाले असावेत, काळजीपोटी. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, अगदी लक्ष देऊन, आणि मग त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. माझी मेथड टिपून घेतली!

निकाल: अर्ज नामंजूर, चौकटी वर्षभर राहणार. राजकारण आहे सगळं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पोस्टमास्तर लिफ्टमध्ये होते. मी आत शिरले तर ते बाहेर पडले, जिन्याने जातो म्हणाले. पाच मजले. व्यायाम चांगला असतो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

भिंगरीने बंद पाकीट आणलं. वर लिहिलंय 'पालकांसाठी'. मी पालक, उघडलं. बाईंनी लिहिलंय, भिंगरी घरी गणित कुणाकडे करते, त्यांना भेटायचं आहे, टेस्टच्या आधी भेटलं तर बरं.

एरवी मी उडत गेले असते. पण टेस्टला चार दिवस राहिलेत, अभ्यास आधी. शिवाय गेले आणि त्यांनी त्या सह्यांचं काढलं तर? वाईट असं काही नाही त्यात. पण सूनबाईला समजावायला वेळ जाईल. सध्या वेळ नाही.

पत्र जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. हरवायला नको म्हणून.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आता रोज दहा गणितं जास्त. सकाळी शाळेच्या आधी पाच, संध्याकाळी पाच. भिंगरी आज वहीवर डोकं ठेवून झोपली, गालावर आकडे उमटले. मी तिला उठवलं. उठवायला नको होतं बहुतेक. पण दोनच दिवस आहेत. तिला म्हटलं, माझ्यासाठी कर गं एवढं, नाहीतर आजीला चौदाव्या मजल्यावर ठेवतील. गमतीत म्हटलं.

ती म्हणाली, करते आजी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

टेस्ट झाली! भिंगरीला विचारलं, सगळं मी शिकवलं तसंच लिहिलंस ना? म्हणाली, सगळं.

दुपारी मी गच्चीत पाच फेऱ्या मारल्या, खुशीत. सहावीला गुडघा म्हणाला पुरे. पहिली नाही तर दुसरी येईल. दुसरीही चालेल, मी काही हावरट नाही.

२ डिसेंबर, सोमवार

तीन.

वीसपैकी तीन. तीनही आकृत्यांची गणितं, त्रिकोणाला बाजू किती वगैरे. त्यात जाण्यासारखं काही नव्हतं.

सही करायची संधी मिळाली नाही. बाईंनी सरळ सूनबाईला लॅबमध्ये फोन केला. ती घरी आली, पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. आधीच्या पेपरांवरच्या सह्या कुणाच्या, तिने विचारलं. चिरंजीव बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून ठेवला. लहानपणापासून हेच. मी सांगितलं की पेपर फार अवघड काढतात आणि बाईंना माझी मेथड नीट उतरवून घेता आलेली नाही. सूनबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, येत्या सोमवारपासून ती त्या वर्गात जाणार." मग थोरल्याला फोन केला. तो रविवारी गाडी घेऊन येतोय.

काहीतरी मार्ग निघेल. मी बाईंना स्वतः भेटते. त्या समंजस आहेत, हसल्या नव्हत्या.

माझी सुटकेस माळ्यावर आहे. तिचं चाक तुटलंय, त्यामुळे तशीही जाता येणार नाही.

३ डिसेंबर, मंगळवार. दुपारी

शाळेत जाऊन आले. एकटीच.

मी बाईंना समजावणार होते. सुरुवात छान केली, कारखान्याचं सांगितलं, कार्डाच्या मागचं पाकीट, पिचकं बटण, फोरमनबाई. बाई सगळं ऐकून घेत होत्या. मला वाटलं जिंकले. मग म्हणाल्या, आजी, मिटिंगमध्ये तुमचा हात बघितला तेव्हाच मला कळलं पोरगी कुठे चुकते ते. ती कधी काहीच्या काही लिहीत नाही, प्रत्येक वेळी त्याच एका रस्त्याने चुकते. म्हणून तुम्हाला पत्र पाठवलं होतं. मी म्हटलं, पत्र चष्म्याच्या डबीत आहे, अगदी सुरक्षित.

मग त्यांनी भिंगरीचा पेपर काढला, मला खिडकीशी नेलं आणि उजेडावर धरला. सहा डझन अंड्यांचं गणित. वर पेनाने अठ्ठ्याहत्तर लिहिलंय, खाली पेन्सिलीचं खोडलेलं बहात्तर दिसतं. पुढचं, वर पासष्ट, खाली साठ. रांगांच्या गणितालाही तसंच. सतराच्या सतरा. आधी पेन्सिलीने एक उत्तर, मग खोडून पेनाने दुसरं.

मी म्हटलं, बघा, आधी चुकली होती, मग माझी आठवण आली आणि सुधारलं!

बाईंनी पेपर उजेडावरच धरून ठेवला. मी परत बघितला. कागद पातळ असतो शाळेचा. फार जोरात खोडलेलं होतं, एका ठिकाणी तर भोक पडलंय.

रस्ता चुकून दुसऱ्याच गल्लीत गेले. तीस वर्षांचा रस्ता.

४ डिसेंबर, बुधवार

साडेचारला भिंगरी आली. दप्तर ठेवलं, हात धुतले, वही काढून माझ्यापुढे बसली. न सांगता. मी तिला विचारलं, सहा डझन म्हणजे किती. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली, उत्तर तिथे लिहिल्यासारखं. मी म्हटलं, माझं नाही, तुझं सांग.

"बहात्तर," ती म्हणाली. लगेच. बोटंसुद्धा न हलवता.

मग खोडलंस का?

"तुला दाखवायचा असतो ना पेपर."

आणि मग म्हणाली की तिला चौकटी येतात, दुसऱ्या आठवड्यापासूनच येतात, पण मला वाईट वाटलं असतं. आणि शिवाय चौदावा मजला. टेस्टमध्ये बरोबर लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं माझं ऐकलं नाहीस. ऐकलं तर नापास. मग तिने खूप वेळ विचार केला म्हणे, बेल होईपर्यंत. तिचं पोट त्या विचाराने दुखायचं.

मी म्हटलं, आमच्या घराण्यात पोटं नाजूकच. मग आत जाऊन गॅसवरचं रिकामं भांडं उगाच घासत बसले.

५ डिसेंबर, गुरुवार

सूनबाईला चष्म्याची डबी दिली. पत्र तिने वाचलं. सह्यांचं मी सांगितलं, सगळ्या सह्यांचं, आणि खोडलेल्या उत्तरांचंही. भाषण करणार होते, दोन वाक्यांतच संपलं. ती बराच वेळ डबीची उघडझाप करत राहिली. मग शाळेत फोन लावला.

बाई परत एकदा टेस्ट घेणार आहेत, परवा शनिवारी. अट एकच घातलीय: हा पेपर घरी कुणीही मागायचा नाही. कुणीही म्हणाल्या. नाव घेतलं नाही, तेवढं बरं वाटलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

शिकवलं नाही. काहीच शिकवलं नाही. ती चौकटी काढत होती, मी वाटाणे सोलत होते. मोजले नाहीत.

ती एकदा म्हणाली, आजी, तू बोलली नाहीस तरी चालेल, पण उठू नकोस. म्हणून उठले नाही. पाय बधिर झाला.

७ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी साडेपाच

सतरा. वीसपैकी सतरा!

भिंगरी पायाभरणी वर्गात जाणार नाही. थोरल्याला फोन झाला, उद्या येऊ नको म्हणून. मला वाटलं होतं तो जरा हट्ट करेल, आईला नेतोच म्हणेल. म्हणाला, बरं. सूनबाईने लॅबमधूनच चिरंजीवांना कळवलं, चिरंजीवांनी लिफ्टच्या खड्ड्यातून मला फोन केला, काही ऐकू आलं नाही, पण खुश होते. बाईंनी म्हणे शेरा दिलाय की मुलगी विचार करून लिहिते. तो गुण आमच्याकडचा.

भिंगरी घरी आली तेव्हा माझ्या तोंडात आलंच होतं, दाखव बघू. फार आलं होतं. सतरा कुठले आणि तीन कुठले, एवढंच बघायचं होतं. तिचा हात दप्तराच्या चेनवर गेला आणि तिथेच थांबला. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, राहू दे गं, आतच ठेव.

"नक्की?"

नक्की म्हटलं.

तिने अजून एकदा बघितलं, मग चपला घातल्या आणि खाली खेळायला गेली. माझ्याकडे अभ्यास नसेल तर संध्याकाळी खाली एवढी मुलं खेळतात हे मला माहीतच नव्हतं. गॅलरीतून तिचा आवाज ओळखू येतोय.

दप्तर माझ्या पायाशी आहे. बंद आहे. मी हात लावलेला नाही. साडेसहाला अजून तासभर आहे.